एका घावात फुटणारा देव

बोळिंजच्या नरहरीने आयुष्यभर गणपती घडवले, आणि एकदाच खोटा देव. तुंगारेश्वरच्या जंगलात एका सिनेमाचं शूटिंग होतं. हिरो ढोंगी पुजाऱ्याचा देव फोडतो आणि गावाचे डोळे उघडतो, अशी गोष्ट. म्हणून मूर्ती पोकळ हवी होती, एका घावात फुटेल इतकी पातळ. नरहरीने तशीच केली. पण निर्मात्याने मध्येच गाशा गुंडाळला, फोडायचा सीन राहून गेला आणि देव जंगलातच राहिला. वर्षभरात त्याला शेंदूर लागला, लोक नवस बोलू लागले.

त्याच वर्षी नरहरीच्या लेकीच्या, उन्नतीच्या, दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी हात टेकले. हे त्या खोट्या देवाचंच पाप आपल्याला भोवतंय, असं नरहरीच्या मनाने घेतलं. एका सकाळी हातोडी घेऊन तो जंगलात गेला.

मूर्तीपुढे त्याची बायको जयवंती पदर पसरून बसली होती.

नरहरीचं डोकं फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस का? याचं प्लास्टर कोणी कालवून दिलं होतं? तूच ना?"

"मीच," जयवंती मान वर न करता म्हणाली. "खऱ्या देवांचे उंबरे झिजवून झाले. आता हाच उरलाय."

नरहरीचा हात उठेना. पावसाने देवाचा डावा कान गळून गेला होता. उद्या प्लास्टर आणून आधी तो बसवायला हवा, त्याच्या मनात आलं. नाहीतर हिचं त्याला ऐकू कसं जाणार.