नळीतून दूध

दवाखान्यातलं मला फारसं कळत नाही, आणि आईच्या दुधाविषयी पुरुषाने लिहावं हे आमच्याकडे कुणाला रुचणारही नाही. तरी लिहितो, माफ करा. अक्काला लिहिता येत नाही. ती शाळेत गेलीच नाही.

मी हिंगोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. अक्का पहिलटकरीण, पुसेगावच्या सासरहून आमच्या गावी, डोंगरकड्याला, माहेरी आली आणि सातव्या महिन्यातच बाळंत झाली. लेकरू ओंजळीत मावेल एवढं. हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. त्याला दूध ओढता येत नव्हतं. अक्का वाटीत काढून द्यायची, सिस्टर ते नाकातल्या नळीने थोडं थोडं पोटात सोडायची. पुढचं दूध देण्याआधी ती रिकामी सिरींज लावून नळीतून पोटातलं ओढून बघायची. काही आलं नाही तर मागचं पचलं. हिरवं आलं तर दूध बंद, नुसतं सलाइन. आम्ही सगळे त्या सिरींजकडे बघत दिवस काढायचो.

मग डॉक्टरांनी दुधात मिसळायची एक पुडी दिली. आतड्याला लागणारे चांगले जंतू, म्हणाले. माय माझ्यावरच उखडली.

"लेकराला जंतू काहून पाजून राहिले? हेच शिकतो व्हय तू कॉलेजात?"

"दह्यात असतात तसे हायेत, माय."

"मग घरचं दही काय वाईट व्हतं? इहिणीनं पुसेगावहून गाडगंभर धाडलं असतं!"

सिस्टर हसली. "मावशी, दही पाजलं तर डॉक्टर मलाच घरी धाडतील."

अक्काही हसली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाली, "ह्यानं पोट धरंल ना रं?"

"धरंल," मी म्हणालो. पुस्तकात त्या जंतूंचं चित्र पाहिलं होतं, मला माहीत होतं ते तेवढंच.

त्यानंतर सिरींज रिकामी येऊ लागली. माय पेटीला हात जोडायची. पण एका सकाळी पुन्हा हिरवं आलं, पोट ताठ फुगलं, दूध बंद झालं. सिस्टर अक्काला म्हणाली, काढत राहा, नाहीतर आटेल. अंगावरचं दूध मोरीत टाकायचं नसतं, म्हणून मी वाटी नेऊन बाहेरच्या लिंबाच्या बुडाशी ओतायचो.

माझी प्रॅक्टिकल परीक्षा आली. ती देऊन बाहेर पडलो तर दाजी, अक्काचे मालक, कॉलेजच्या गेटजवळ उभे होते.

"गेलं," ते म्हणाले. "तिला आजून सांगितलं न्हाई. दूध काढत बसली हाय. तू चल, तुझंच ऐकती ती."