दोघांनाही म्हणलो, तुमचाच संघ जिंकणार

दोस्तांनो, अजिंठ्यात गाईडगिरी करून पंधरा वर्षं झाली, पण आजच्याएवढी लाज कधी वाटली नाय.

सकाळी संभाजीनगरहून ऑस्ट्रेलियाचे दोन म्हातारे मित्र घेऊन निघालो. त्यांच्याकडं लांबट चेंडूचा फुटबॉल लई चालतो. शनिवारी दोघांचे संघ समोरासमोर आहेत. फर्दापूर येईपर्यंत गाडीत तेच चाललेलं, कोणाचा गुडघा दुखावलाय, कोण कोणाला लोळवणार.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना एकानं हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तुमचाच संघ, साहेब." खूश होऊन त्यानं संघाची टोपी दिली.

उतरताना दुसऱ्यानं विचारलं. त्यालाही तेच सांगितलं आणि त्याच्या संघाचा मफलर घेतला. पाहुण्याला नाराज करायचं नाय, ही आमची धंद्यातली सवय.

चहाला दोघं एकत्र बसले आणि सगळं उघडं पडलं. पहिला पोट धरून हसला. दुसऱ्यानं मात्र शांतपणे विचारलं, "मग आतल्या चित्रांबद्दल सांगितलंस, ते तरी खरं होतं का?"

ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण "व्हय साहेब" म्हणलो, तर माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

तुम्ही तरी ठेवला असता का विश्वास?