लहान लेकराला सोवळं नसतं

चतुराबाई वणीकडच्या एका गुरवाची लेक. लग्न होऊन नाशकात पंचवटीत आल्या, तेव्हा माहेराहून भांडी थोडी आणि नेम जास्त घेऊन आल्या. त्यातला एक नेम असा, की पूजेला बसणाऱ्याच्या अंगावर शिवलेला कपडा नसावा. आणि नवरा मिळाला शिंपी! भिकनराव गेली तीस वर्षं पुरुषांचे सदरे-विजारी शिवत आलेले. ते म्हणायचे, "मी शिवतो म्हणून हे घर चालतं, आणि तुझ्या देवाला शिवलेलंच चालत नाही." पण म्हणत म्हणत पंचा नेसायचे आणि उघड्या अंगानं पाटावर बसायचे.

सहा वर्षांपूर्वी भिकनरावांच्या मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशननं गाठ गेली, पण ग्रंथीचं काम कायमचं मंदावलं. पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन आपोआप तयार व्हायचं, ते त्यांच्या अंगात होईना. दाढी विरळ झाली, कात्रीला जोर लागेना, आणि चांगला हसता-बोलता माणूस गुंड्यांची काजं करता करता रडायला लागला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. पहिल्या आठवड्यात मशीन धाडधाड चालायचं आणि गिऱ्हाइकावर आवाज चढायचा. तिसऱ्या आठवड्यात दुकानाचं शटर उचलायचीसुद्धा इच्छा नसायची. लग्नकार्याला जायचं झालं तर चतुराबाई मधला आठवडा बघायच्या.

यंदा माघात रक्त तपासलं तर ते घट्ट झालेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, असा एकदम मोठा डोस आता नको, रोज थोडं थोडं देऊ. म्हणून जेलची पाकिटं आली. सकाळी अंघोळीनंतर अंग कोरडं करून दोन्ही खांद्यांना चोळायचं, हात साबणानं धुवायचे, वरून सदरा घालायचा. औषध लावलेल्या जागेला बायकापोरांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही.

"म्हणजे शिवायचं नाही, एवढंच ना?" चतुराबाईंनी विचारलं.

"एवढंच. पण अगदी कडक."

चतुराबाईंना हसू आलं. कडक म्हणजे काय, हे या डॉक्टरांनी त्यांना सांगावं! सोवळ्यातल्या माणसाला त्यांच्या घरात तीस वर्षांत कुणी शिवलं नव्हतं. त्यांनी मनाशी बसवून टाकलं: अंघोळ, मग औषध, मग तासभर पूजा, आरती, आणि मग सदरा. तेवढ्या वेळात ते अंगात मुरेलही.

आणि दोन महिने सगळं छान चाललं. भिकनरावांचा आवाज चढेना की पडेना. "आता कुठं रोज एकाच माणसाबरोबर संसार केल्यासारखं वाटतंय," असं चतुराबाई सुनेला म्हणाल्यासुद्धा.

मग चैत्रात एक दिवस सून योगिनी म्हणाली, "आई, वेदूच्या अंगाला कसला वास येतो हो? मोठ्या माणसाच्या घामासारखा."

वेदू म्हणजे वेदिका, चार वर्षांची नात. चतुराबाई म्हणाल्या, "ऊन किती आहे बघ ना. उद्यापासून डाळीचं पीठ लावून अंघोळ घालते."

पीठ लावलं. वास जाईना. नाकावर आणि कपाळावर बारीक मुरमं आली. हातावरची मऊ लव काळी दिसायला लागली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आजकाल फार मारते हो ही. चतुराबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. देवीला बोलल्या, लेकराला कुणाची नजर लागली असेल तर तू काढ.

वैशाखात पाकिटं संपली म्हणून त्या औषधाच्या दुकानात गेल्या. काउंटरवर नाझिया होती, कोपऱ्यावरच्या घरातली, लहानपणी त्यांच्याच अंगणात खेळलेली. तिनं खोकं काढता काढता विचारलं, "काकू, काका हे लावल्यावर लगेच शर्ट घालतात ना?"

"पूजा झाल्यावर घालतात."

नाझियाचा हात थांबला. "आणि तोवर?"

"अगं, तोवर सोवळ्यात असतात ते. कोणाची हिंमत आहे शिवायची! ना माझी, ना योगिनीची. सोमनाथ तर पोटचा पोरगा, पण तोही लांब उभा राहतो."

"कुणीच नाही ना?"

"कुणीच नाही," चतुराबाई म्हणाल्या. "एक वेदू सोडली तर. लहान लेकराला सोवळं नसतं ना…"

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर रोजची सकाळ उभी राहिली. आबा पाटावर बसलेले, वेदू मागून त्यांच्या गळ्यात लोंबकळतेय, उघड्या खांद्यावर गाल घासत घंटा वाजवतेय. आरती संपेपर्यंत ती खाली उतरायची नाही. आणि आपण हात जोडून, भरल्या डोळ्यांनी ते बघत उभ्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तीन महिने!

नाझियानं खोक्यातला कागद उलगडून चित्र दाखवलं: औषध लावलेल्या खांद्याला चिकटलेलं मूल, आणि त्यावर लाल फुली. मग हळूच विचारलं, "वेदूला काही होतंय का, काकू?"

चतुराबाईंनी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, ते त्यांनाही कळलं नाही.

औषधाच्या दुकानापासून भिकनरावांच्या दुकानापर्यंत पाच मिनिटांची वाट. त्या पाच मिनिटांत त्यांनी काय काय पाहिलं, ते देवालाच ठाऊक. वेदूला मिशा फुटलेल्या. वेदूची वाढ थांबलेली. वेदू मोठी होऊन विचारतेय, आजी, कुणी केलं गं हे? त्या स्तोत्र म्हणू लागल्या, तर दुसऱ्या ओळीच्या पुढं आठवेना. रोज म्हणत असलेलं स्तोत्र!

त्या थेट दुकानात, नवऱ्यापाशी गेल्या. भिकनराव टेप गळ्यात टाकून कापड मापत होते. त्यांनी सगळं ऐकलं. घरी येऊन बाथरूममध्ये शिरले आणि काथ्यानं खांदे घासू लागले. चतुराबाई दारावर थापा मारत होत्या, "अहो, कातडी निघेल, बस करा!" पाणी वाहतच होतं.

ते बाहेर आले, तर वेदू नेहमीसारखी धावली. "आबाऽ!"

"शिवू नको!" भिकनराव ओरडत असे मागं सरले की भिंतीला पाठ लागली त्यांची. "लांब हो! कुणी घ्या तिला, घ्या आधी!"

पोर जागच्या जागी थिजली. मग तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून योगिनी कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं? आई, काय झालं?"

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. चतुराबाईंनी सांगितलं, काही लपवलं नाही. योगिनी ऐकता ऐकता खाली बसली. कणकेच्या हातांनीच तिनं वेदूला ओढून घेतलं.

"डॉक्टरांनी कडक सांगितलं होतं, आई."

"हो गं."

"कडक म्हणाले होते!"

"मी चुकले. मला वाटलं, माझं सोवळं त्यांच्या कडकापेक्षा कडक आहे."

योगिनी वेदूला उचलून आत निघून गेली. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर चतुराबाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेदूचं रक्त काढलं, हाताचा एक्स-रे काढला. हाडं वयापेक्षा पुढं पळालीत का, ते त्यात कळतं म्हणे. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत वेदूची अंघोळ योगिनीनं घातली, घासही तिनंच भरवला. चतुराबाई स्वयंपाकघरातून बघत राहायच्या. पोरगी जिन्यावर धापा टाकत आली तरी त्या हातातलं टाकून दाराशी यायच्या. भिकनराव तर दुकानातच बसून राहायचे. जेल बंद केलं होतं, तरी जेवायलाही घरी येईनात. डबा घेऊन गेलेल्या चतुराबाईंना म्हणाले, "माझ्या अंगातच विष आहे असं वाटतंय, चतुरे."

"विष नाही हो. औषध आहे."

"माझ्यासाठी. तिच्यासाठी?"

चतुराबाईंनी डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचले. तेवढ्या वेळात योगिनीनं, स्वतःच्याही नकळत, सासूचं मनगट घट्ट धरलं होतं.

"रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आहे," बाई म्हणाल्या. "पण हाडं वयाबरोबर आहेत. वेळेत कळलं. संपर्क बंद झाला की हे उतरायला हवं. लव जायला वेळ लागेल. महिन्यानं पुन्हा रक्त बघू."

"उतरायला हवं, म्हणजे उतरेलच ना?" चतुराबाईंनी विचारलं.

"बहुतेक उतरतं, आजी. महिन्यानं बघू."

भिकनरावांनी आपल्या डॉक्टरांना सांगून टाकलं, ते जेल मला डोळ्यांपुढंही नको. मग पुन्हा इंजेक्शन सुरू झालं, पण आता दर आठवड्याला, थोड्या डोसाचं. रक्त घट्ट होतंय का, ते वरचेवर बघत राहायचं ठरलं. म्हणजे वेदूची काळजी होतीच, तिच्यात या दुसरीची भर.

महिन्यानं वेदूच्या रक्तातला आकडा निम्म्याहून खाली आला. अजून जिथं असायला हवा तिथं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर वेदू भिकनरावांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. आत आली नाही. हल्ली ती तिथंच थांबायची.

"आबा, आज शिवू?"

भिकनरावांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. जेल जाऊन महिना उलटला होता. तरी त्यांनी चतुराबाईंकडे पाहिलं. चतुराबाईंनी योगिनीकडे पाहिलं. हो म्हणायचा अधिकार आता आपला नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

योगिनीनं आधी सदऱ्याच्या गुंड्या बघितल्या, मग म्हणाली, "जा."

वेदू गेली आणि आबांच्या मांडीवर बसली. आणि भिकनरावांनी दोन्ही हात वर, तिच्यापासून लांब धरून ठेवले होते. कितीतरी वेळ.