चौथ्या पायरीवरच्या खुणा

ऑफिसात तिला पायरीताई म्हणत. एका प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती आली, की ती संगणकावर कशी बसवायची हे सांगणारं पान दर वेळी तीच सुधारायची. अकरा वर्षं. जुने आकडे खोडायचे, नवी चित्रं घालायची, आणि पान लोकांपुढे जाण्याआधी घरी न्यायचं. बाबांकडे.

बाबा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि म्हणूनच ते तिला हवे असत. लिहिलंय तेवढंच करायचे, पदरचं काही घालायचे नाहीत. एक पायरी झाली, की कागदावर त्या पायरीसमोर लाल पेन्सिलीने खूण. आधी काम, मग खूण. औषधाच्या बाटल्या भरतानाची सवय. ते जिथे अडत, तिथे पान चुकलेलं असे. पान बरोबर आणि बाबा अडले, असं आजवर कधी झालं नव्हतं.

या शनिवारी दुपारी तिने जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, छापलेला कागद दिला आणि शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला गेली. अर्ध्या तासाने आली, तर बाबा अजून चौथ्या पायरीवर. तिथे लिहिलं होतं : आज्ञा लिहायची काळी खिडकी बंद करा आणि नवी उघडा.

"जमत नाहीये का?"

"न जमायला काय झालं?" बाबांनी खिडकी बंद केली, नवी उघडली, कागदावर खूण केली. मग बोट पुन्हा चौथ्याच पायरीवर ठेवलं आणि खिडकी बंद केली.

ती वाकली. चौथ्या पायरीसमोर सहा खुणा होत्या, एकीवर एक.

"बाबा, ही झालीये."

"कुणी केली?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "या खुणा कुणाच्या गं?"

तिने खुणा पुन्हा मोजल्या. पण लगेच एक कारण सापडलं आणि तिने ते घट्ट धरलं. नवी खिडकी कोरीच असते. पायरी केली काय नि न केली काय, पडद्यावर सारखंच दिसतं. म्हणजे दोष पानाचा. तिने तिथल्या तिथे एक ओळ घातली : नवी खिडकी रिकामी दिसेल, ते बरोबर आहे, आता पाचव्या पायरीकडे जा. नवा कागद छापून दिला.

त्या कागदावर चौथ्या पायरीसमोर चार खुणा झाल्या, तेव्हा तिनेच लॅपटॉप मिटला. "डोळे दमलेत तुमचे," ती म्हणाली. बाबांनी दोन्ही कागद आपल्याजवळ ठेवून घेतले.

रविवारी तिने ती पायरी सात प्रकारांनी लिहून पाहिली. एकही बाबांना दाखवायचं धाडस झालं नाही. ते अंघोळीला गेले, तेव्हा ती दाराबाहेर नळाचा आवाज ऐकत उभी राहिली. सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला.

सोमवारी ती आवृत्ती बाहेर काढणाऱ्या सहकाऱ्याकडे गेली. त्याला सगळे कप्तान म्हणत.

"कप्तान, चौथ्या पायरीत घोळ आहे. बघ जरा."

कप्तानने रिसेप्शनवरच्या बाईंनाच लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी जन्मात काळी खिडकी पाहिली नव्हती. नऊ मिनिटांत भाषा बसली.

"पान फर्स्टक्लास आहे, ताई. सोडू?"

"पुन्हा बघ ना. चूक असणारच."

"कमाल आहे! लोक चूक निघू नये म्हणून देव पाण्यात ठेवतात, आणि तुम्ही निघावी म्हणून!"

सगळे हसले. तीही हसली. पाच वाजता पान लोकांपुढे गेलं.

घरी बाबा टेबलाशी बसले होते. दोन्ही कागद शेजारी शेजारी, पेन्सिल मुठीत.

"सापडली चूक?"

वाटेत तिने उत्तर तयार ठेवलं होतं : हो बाबा, माझंच चुकलं. पण बाबांनी दोन्ही कागद तिच्यापुढे सरकवले. तिला दिसलं, की पान चुकलेलं निघावं म्हणून तिच्याइतकेच तेही दोन दिवस जीव मुठीत धरून बसले होते. अशा माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नाही बाबा. पान बरोबर आहे."

बाबांनी मान खाली घातली. "दहा आहेत. मोजल्या मी. एकही केलेली आठवत नाही." मग कागद बाजूला सारून म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. काय काय करायचं ते लिहून दे."

तिने कोरा कागद घेतला. पहिली पायरी लिहिली : चप्पल घाला.

"कुठली? दोन जोड आहेत. अकरा वर्षं लिहितेस आणि हे असं?"

तिने खोडलं. लिहिलं : दाराशी डावीकडे ठेवलेली काळी चप्पल घाला.

बाबांनी ओळीवरून बोट फिरवलं. पेन्सिल उचलली, पण कागदाला टेकवली नाही.

"खूण उद्या," ते म्हणाले. "आधी काम. आणि मी खूण करेन तेव्हा तू समोर उभी राहा."