कुत्र्याच्या कानातली बिऱ्हाडं

सुरतेच्या लिंबायतमधल्या समस्त सासवांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कुत्र्याच्या अंगावर मोजक्याच गोचिडी उरल्या आहेत म्हणून कोणीही निश्चिंत झोपू नये. आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला, तो निश्चिंत झोपल्यामुळेच.

तसा झोप हा शब्द आमच्या घरात जपूनच वापरावा लागतो. एक खोली, वर पत्र्याखाली माळा. मी, बायको, मुलगा, सून, आणि धुळ्याकडून लूम चालवायला आलेले माझे पुतणे. दिवसपाळीवाले उठून गेले की त्याच गाद्यांवर रातपाळीवाले येऊन पडतात. चोवीस तास कोणी ना कोणी घोरतच असतं. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलेना. सुनेचं एकच मागणं होतं, मागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे, ती आम्हा दोघांना घेऊ द्या. बायकोचं उत्तरही ठरलेलं, "आधी नातू दे, मग खोली घे." तोवर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास सुनेच्या माथी. पोरगी वाळत चालली होती. मी सासू-सुनेमधला पंच असल्यामुळे दोघींकडे बघून मान हलवत असे.

दारातला तांबडा कुत्रा मात्र बायकोचा लाडका. उन्हाळ्यात त्याला इतक्या गोचिडी झाल्या की कोणीतरी गोंद लावून ज्वारी चिकटवल्यासारखं दिसे. बायको रोज दुपारी चिमटा घेऊन बसायची. निघालेली गोचीड थेट फिनेलच्या वाटीत. पाठ झाली, मान झाली, पोट झालं. कानाला हात लावला की मात्र तो दात दाखवी, म्हणून कानातल्या चार-पाच राहिल्या.

"राहू द्या बिचाऱ्यांना," बायको उदारपणे म्हणाली. "एवढ्याशा त्या, काय करणार आहेत?"

काय केलं ते ऐका. आधी त्या फुगून एरंडाच्या बीएवढ्या झाल्या. मग एके दिवशी गायब! बायकोने हा आपला विजय गल्लीभर मिरवला. त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी, माळ्यावरून सुनेची किंकाळी आली.

"आई! भिंत चालतेय!"

मी वर चढून पाहिलं. ट्यूबलाइटमागच्या फटीतून जिवंत खसखस सांडत होती. सांडलेली खसखस खाली पडते, ही वर चढत होती, आढ्याकडे, गाद्यांकडे, माझ्या हाताकडे! रातपाळी करून नुकताच पडलेला पुतण्या अर्ध्या चड्डीवर रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि दुपारपर्यंत आत यायला तयार होईना.

आम्ही रिक्षा केली. कुत्रा बायकोच्या मांडीवर, सून मध्ये, मी कडेला लटकलेला. जनावरांच्या दवाखान्यात पांढरीशुभ्र, पावडर लावलेली कुत्री घेऊन गुजराती बायका बसल्या होत्या. आमचा तांबड्या आत शिरताच त्यांनी आपापली लेकरं छातीशी धरली.

डॉक्टरांनी कान तपासले, सगळी हकिकत ऐकली आणि हसूच लागले. "मासी, अंगभर होत्या तेव्हा दाटी होती. एकीलाही धड रक्त मिळत नव्हतं. अशा दाटीत माद्या पोटभर पिऊ शकत नाहीत, बारीक राहतात, अंडीही कमी घालतात. तुम्ही गर्दी हटवलीत. उरलेल्यांना अख्खा कुत्रा मोकळा मिळाला! पोट भरल्यावर खाली उतरल्या, भिंत चढल्या, आणि एकेकीने हजारांनी अंडी घातली. आता औषध कुत्र्यालाही द्यायचं आणि घरालाही मारायचं. अर्धवट काही ठेवायचं नाही."

बायकोचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, फिनेलची वाटी आठवली असेल. पण ती भलतीकडेच पोचली होती.

"म्हणजे डॉक्टर," तिने सावकाश विचारलं, "दाटीत राहिल्या की पोरं कमी?"

"हो."

"आणि ऐसपैस जागा मिळाली की?"

"मग बघायलाच नको!"

बायकोने मान वळवून सुनेकडे पाहिलं. सून भिंतीवरचा गाईचा तक्ता पहिल्यांदाच बघतेय अशी बघू लागली; कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. हा नियम गोचिडींचा, माणसांचा नव्हे, एवढं सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, तोच मी टेबलाखाली त्यांच्या बुटावर पाय ठेवला आणि चांगला दाबला. त्यांनी तोंड मिटलं. आणि भरल्या दवाखान्यात बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"माय वं! दोष सगळा दाटीचा, अन् मी उपास हिच्याकडून करवून घेतले! अहो, बघत काय बसलात, उठा, त्या खोलीची चावी आणा आधी!"