आठ पायांची आयसी आणि आत्याबाईंचा आवाज

आमचे हे, म्हणजे सुगत, उदगीरच्या मोंढ्यात धान्यवाल्यांचे वजनकाटे दुरुस्त करतात. दिवसभर लोकांच्या काट्यात डोकं घालायचं अन् घरी आलं की सीडी प्लेयर उघडून बसायचं. सण न्हाई, पाहुणा न्हाई. मी म्हणते, "त्या डब्याशीच लगीन लावायचं होतं की! मला कशाला आणलं बिलोलीहून?" तर हसतात. हसले की मला रागावताच येत न्हाई, ही लई पंचाईत.

डब्यात करंगळीच्या नखाएवढी काळी आयसी असती, आठ पायांची. ऑप-अँप म्हणतात तिला. चकतीवरचा बारीक आवाज ती मोठा करून पुढं धाडती. ती बदलली की आवाज सुधारतो, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून तिथं सॉकेटच बसवून टाकलं. जुनी उपटा, नवी खोचा. कधी नांदेडहून आणली, कधी हैदराबादहून मागवली. एकदा उलटी खोचली तर धूरच निघाला. "अगं बाई, घर जाळता का!" म्हणून मी ओरडले, तर हे म्हणतात, "विशाखा, खिडकी उघड, आत माझ्या मायला ठसका लागंल."

हा सगळा खटाटोप माझ्या सासूबाईंपायी, म्हणजे आत्याबाईंपायी. नागुबाई म्हणजे एकेकाळी भीमगीतांच्या पार्टीची मुख्य गायिका. जयंतीच्या दिवसांत पार देगलूरपर्यंत कार्यक्रमांच्या सुपाऱ्या असायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर गळा गेला. आता बोलतात तेही कुजबुजल्यागत. उरली ती एक सीडी, नांदेडच्या एका स्टुडिओत भरलेली. ती लावली की आत्याबाई मान हलवायच्या. "ही मी न्हाई. दुसरीच कोन तरी हाय."

पहिल्यांदा असं म्हणाल्या तेव्हा ह्यांच्या तोंडाकडं बघवेना. आईचा आवाज जगात तेवढाच उरलेला, अन् आईच तो वळखंना! तेव्हापासून हे आयसी बदलून राहिले. दरवेळी विचारायचं, "माय, आता?" अन् दरवेळी तेच, "न्हाई बाबा."

परवाच्या रविवारी आणखी एक नवी खोचली. मी आत भाकरी थापत होते. गाणं सुरू झालं, ध्रुपद आलं, अन् माझ्या तोंडातून आपसूक मागून धरायची ओळ निघाली. माहेरी विहारात सवयच होती तशी. पिठाच्या हातानं मी आपली म्हणतेय, तेवढ्यात बाहेरून आत्याबाईंचा घोगरा आवाज आला, "आता! आता मी हाय ही!"

हे उडालेच. "बघ! म्हणलं नव्हतं? आयसीचा फरक हाय हा!" मीही धावत बाहेर आले. ह्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आम्ही दोघं श्वास रोखून गप उभे. ध्रुपद आलं, गेलं. आत्याबाईंची मान हलली.

"गेली रे पुन्हा."

ह्यांनी मटकन बसकण मारली. मग आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "लेका, त्या स्टुडिओत जागा नव्हती म्हनून माझ्या मागं गानाऱ्या बायांना भाईर बसवलं. मला एकटीलाच गायला लावलं. मी जलमात कवा एकटी गायले न्हाई. मघा विशाखानं मागून धरलं, तवा ती मी होते."

इतके दिवस हा माणूस डब्यात शोधत होता, अन् जे चकतीवर भरलंच नव्हतं ते आयसी तरी कुठून आणणार? हे उठले. डोळे पुसले, बटण दाबलं अन् आईच्या मागं मांडी घालून बसले. ह्यांचा गळा म्हणजे अगदीच भसाडा, विहारात ह्यांना कुणी माइकजवळ येऊ देत न्हाई. मी हात न धुताच शेजारी टेकले.

ध्रुपद जवळ आलं तसा आत्याबाईंनी मागं न बघताच हात वर केला, अन् आम्ही दोघांनी ओळ उचलली.