वहिनींची आंबेहळद

वहिनींनी कापून पुढे धरलेला कंद मी हुंगला आणि खोटे बोललो. ही गोष्ट मी दोन वर्षे कोणालाही सांगितली नाही.

थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आमच्याकडेच असतात. पत्नीची नोकरी आहे, त्यामुळे स्वयंपाकघर वहिनींचे. अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात त्यांची आंबेहळद होती. भिवापूरच्या माहेरी त्यांच्या आईने जपलेली, आई थकल्यावर वहिनींकडे आलेली. दिसायला आल्यासारखी, पण कापली की कैरीचा वास. हिवाळ्यात तिचे लिंबू-मिरचीतले लोणचे व्हायचे.

एका एप्रिलमध्ये वहिनी माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या आणि मी खिडकीशी कूलरसाठी जागा करत होतो. डब्यात एकही हिरवे पान नव्हते. माती ओतून टाकली, खालच्या गाठी कचऱ्याच्या गाडीत दिल्या. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. डब्यात पाणी घालू नका, आंबेहळद आत झोपलेली आहे, पावसाळ्यात उठेल, असे त्या सांगत होत्या. मी "हो" म्हणालो. त्याच वेळी खरे का सांगितले नाही, ते मला अजून उलगडत नाही. त्या रागावल्या नसत्या. निदान माझ्यावर तरी कधी रागावल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेकडच्या एका जडीबुटीवाल्याने आंबेहळद म्हणून दिलेले कंद मी त्या डब्यात पुरले. जूनअखेर पाने आली. मला ती तीच वाटली, वहिनींनाही वाटली असावीत.

त्या पावसाळ्यात वहिनींना मोठा ताप येऊन गेला. पुढे हिवाळ्यात त्यांनी कंद काढले, एक कापला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"भाऊजी, मले कापराचा वास येऊन राहिला. असं काहून? तुम्ही पाहा बरं."

मलाही कापरासारखाच वास आला. "कैरीचाच तर आहे, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या नाकावरचा सोडला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांना काही सापडले नाही. तापानंतर कधीकधी असे होते, इतकेच ते म्हणाले. परतीच्या वाटेवर वहिनी हसल्या. आता नाक चष्मा टेकवायपुरतंच उरलं, म्हणाल्या. लोणचे बंद झाले. दूध नासले का, फोडणी जळली का, हे त्या मला बोलावून विचारू लागल्या. मी प्रत्येक वेळी हुंगून सांगत असे, जणू ते काम माझेच होते.

हळूहळू माझाही गोंधळ वाढत गेला. तापाने त्यांचे नाक खरेच बिघडले असेल, तर माझ्या सांगण्याने काय साधणार होते? कदाचित दुकानदाराने बरोबर दिले असेल, मीच भीतीपोटी कापूर हुंगला असेन. कोणी नसताना मी डब्यातला कंद नखाने खरवडून पाहत असे. बहुतेक वेळा कापूरच येई. एखाद्या दिवशी, मनाने फारच आग्रह धरला, तर किंचित कैरी. मग कशावर विश्वास ठेवावा तेच कळेनासे होई.

गेल्या महिन्यात एका सकाळी वहिनींनी हाक मारली. त्या विझलेल्या गॅससमोर उभ्या होत्या, लायटर हातातच होता. गॅसचा वास येतोय का, त्यांनी विचारले. येत नव्हता. मी तसे सांगितले, तरी त्यांनी शेगडी पेटवली नाही.

"आजपासून स्वयंपाक सोडते, भाऊजी. एखाद्या दिवशी घर पेटवून ठेवीन मी."

त्या अगदी शांतपणे बोलल्या, ओट्यावर लायटर ठेवला आणि पदराला हात पुसू लागल्या. मी दारातच थबकलो. त्यांचे नाक चांगले आहे की नाही, हे मला तेव्हाही निश्चित माहीत नव्हते. मी काय केले होते, तेवढे मात्र माहीत होते.

"वहिनी, थांबा. तुमच्या आईची आंबेहळद मीच फेकली. वाळून गेली असं वाटलं मले. मग बाजारातून दुसरंच काही आणून लावलं. त्या दिवशी मलेही कापराचाच वास आला होता, अन् मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमचं नाक तेव्हा बरोबर होतं. माझं चुकलं, वहिनी. मले माफ करा."